पाच दिवसांची रजा

हॉलच्या खिडकीच्या पडद्याचा हुक तुटलेला आहे. हाताने धरून ठेवला तर पडदा बाजूला राहतो. सोडला की सरकत येऊन पुन्हा खिडकी झाकतो.

*

दीडशे मिलिमीटरचा काँक्रीटचा क्यूब. वय सात दिवस. फुटला तेव्हाचा भार ४३८ किलोन्यूटन.

*

कालव्यातल्या बोटीची कंडक्टर बाई पत्र्याची लांबट नळी खुळखुळवत येते. तिकिटंही त्यातच, नाणीही त्यातच. बोट थांबते न थांबते तोच माणसं उड्या मारतात.

*

चिखलदऱ्याची सहल, सहावी ब, १९९३. एसटीच्या दोन गाड्या.

*

यशश्रीची दुधाची शेवटची दाढ. कापसात गुंडाळून कानातल्याच्या रिकाम्या डबीत.

*

हजेरीचं मशीन, मंगळवार. आत: ७.२४. बाहेर: कोरं.

*

तर भावना रामटेकेची गोष्ट अशी.

मस्कतच्या अल खौद भागात, खाली लाँड्री आणि कराक चहाची टपरी असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ती राहते. नवरा धम्मदीप नेटवर्क इंजिनियर, मुलगी यशश्री अकरा वर्षांची. घरात माणसं तीन, चौथं कुणी नाही. भावना बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. जागोजागच्या बांधकामांवरून काँक्रीटचे क्यूब येतात, पाण्याच्या टाकीत मुरतात, आणि ठरलेल्या दिवशी भावना ते मशीनखाली फोडते. आकडा लिहिते, सही करते. तिच्या सहीशिवाय पुढचा मजला चढत नाही. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही त्याखाली सही करायची नाही, एवढा एकच नियम ती सोळा वर्षं पाळत आली होती.

या बाईने एक दिवस जेवताना सांगितलं, मी बँकॉकला जाऊन येणार आहे. एकटी.

"बँकॉकला?" धम्मदीप हसला. "अगं, बँकॉकला बायका एकट्या जातात होय?"

"तुझ्या ऑफिसातले बाप्ये एकटे जातात, ते चालतं. मी निदान विहारं बघून येईन."

"जा की. मी अडवलंय का?"

हे वाक्य तो असं म्हणायचा की समोरचा माणूस आपणच अडायचा. भावना अडली नाही. तिने पाच दिवसांची रजा टाकली. गुरुवारी सकाळी साडेसहाला टॅक्सी खाली आली, धम्मदीपने मुकाट्याने बॅग उतरवून डिकीत ठेवली आणि भावना गेली.

गेली. हा शब्द नीट लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरूनच सगळं आहे.

*

शुक्रवार, तिथे: ऊन ओलं. विजेच्या तारांचे गुंते डोक्यावर इतके खाली की उंच माणसाने वाकून जावं. एका दुकानाच्या दारात खांबावर जागेच्या आत्म्यासाठी बाहुलीघराएवढं घर, त्याच्यासमोर लाल सरबताची बाटली, बाटलीत स्ट्रॉ. भावनाला हसू आलं. बुद्धाच्या देशात हे काय, असं मोठ्याने म्हणाली. मराठीत. कुणी वळून पाहिलं नाही. किती मोकळं वाटलं तिला.

शुक्रवार, इथे: वांग्याची भाजी, भाकरी. दुपारी झोप.

शनिवार, तिथे: निजलेल्या बुद्धाची प्रचंड पावलं. तिने त्रिसरण म्हटलं. शेजारी एक म्हातारी थबकली, चाल वेगळी असली तरी शब्द ओळखून हसली.

शनिवार, इथे: ४३८ किलोन्यूटन. दुपारी दाढ पडली.

रविवार, तिथे: कालव्यातली बोट. काठावरून पाणी उसळलं आणि तोंडावर आलं. एका कोरियन मुलीने तिचा फोटो काढून दिला. फोटोत भावना तोंड उघडून हसते आहे, दातांसकट. असा तिचा दुसरा फोटो नाही.

रविवार, इथे: चार नमुने. चारही पास.

सोमवारी तिने नवी चप्पल घातली आणि डाव्या पावलावर फोड आला. इथे सोमवारी काय झालं हे कुणी तिला कधीच सांगितलं नाही.

पाचही दिवस ती घरी फोटो पाठवत होती. निळ्या खुणा उमटत होत्या, उत्तर येत नव्हतं. फोन लावला तर वाजून बंद होई. रुसलाय, तिला वाटलं. रुसू दे.

*

मंगळवारी दुपारी एकला तिने बॅग ओढत दार वाजवलं. धम्मदीप त्या दिवशी घरून काम करत होता.

"लवकर आलीस?" तो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. "ही बॅग मिळाली होय शेवटी?"

"म्हणजे?"

"टॅक्सीत सोडून आली होतीस ना. गुरुवारी."

भावना दारातच उभी राहिली. पावलावरचा फोड ठणकत होता.

धम्मदीपने सांगितलं ते असं. गुरुवारी टॅक्सी गेली. तो टपरीवर कराक प्यायला आणि लिफ्टने वर आला. स्वयंपाकघरात गॅस चालू होता आणि भावना कणीक मळत होती. 'नाही गेले,' एवढंच म्हणाली. कोपऱ्यावर टॅक्सी सोडली असेल, जिन्याने आली असेल, असं त्याला वाटलं. बॅगेचं विचारलं तर म्हणाली, जाऊ दे ती. त्याने जास्त खोदलं नाही.

"का नाही खोदलंस?"

"मला बरं वाटलं म्हणून," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

"आणि मी फोटो पाठवत होते ते?"

"तू आत पोळ्या लाटत होतीस आणि इकडे फोटो येत होते. मला वाटलं, नेटवरून काढून टोमणे मारतेस."

"आणि फोन केले ते?"

"तू घरात असताना तुझाच फोन आला तर मी काय उचलू? मला वाटलं, चिडवतेस."

तिने पासपोर्ट उघडून त्याच्यापुढे धरला. थायलंडचे दोन शिक्के, आत आणि बाहेर. मग बोटीवरचा फोटो. तो त्याने बराच वेळ पाहिला. मोठा करून पाहिला. मग फोन पालथा ठेवला.

"भावना, आपण भूतखेत मानत नाही. आजोबांनी छप्पन साली हे सगळं उंबरठ्याबाहेर टाकलं."

"मी कुठे भूत म्हटलं? मी गेले होते, एवढंच म्हटलं."

"तू इथे होतीस. मी शेजारी झोपलोय."

"मग तुझ्या शेजारी कोण होतं ते तू सांग. मी कशाला सांगू?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज सकाळी सातला डबा घेऊन गेलीस. लॅबला."

*

घाला या औद्योगिक भागातल्या प्रयोगशाळेत ती अडीचला पोचली. हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं. मशीनने लाल दिवा दाखवला. कर्मचारी आत आहे.

आत प्रशांत परब होता. कुडाळचा, सहा वर्षांपासून तिच्या हाताखाली. तिला बघून त्याच्या हातातलं खोरं तसंच राहिलं.

"मॅडम, कपडे कधी बदललास? आत्ता तर निळ्या कुर्त्यात होतास."

"कुठे?"

"टाकीकडे गेलास मां? पाच मिनिटां पण झाली नाय."

टाकीची खोली मागच्या बाजूला आहे. तिला एकच दार, खिडकी नाही. भावना आत गेली. चुन्याचा ओला वास. पंखा बंद. टाकीतल्या पाण्यावर बारीक लाटा होत्या, काठाला लागून परत येत होत्या.

काठावर एक क्यूब काढून ठेवला होता. त्याच्याखाली पाणी साठत होतं.

खोलीत कुणी नव्हतं.

तिने वाट पाहिली. पाणी स्थिर होईपर्यंत उभी राहिली. मग क्यूब उचलला. शनिवारच्या नमुन्यातला तिसरा, राखून ठेवलेला. वर मेणखडूने क्रमांक लिहिलेला, सातच्या पोटात आडवी रेघ. ती रेघ प्रयोगशाळेत फक्त भावना मारते.

नोंदवही उघडली. पाच दिवसांचे आकडे तिच्या अक्षरात. सह्या तिच्या. प्रत्येक हिशेब बरोबर. एक खाडाखोड नाही. तिच्या स्वतःच्या पानांवर दोन-चार तरी असतात.

*

बुधवारी ऑफिसातल्या अम्मारने तिला बोलावलं. रजा-हजेरी तोच बघतो. गुटगुटीत, हसतमुख, ओमानमधल्याच सूर शहराचा.

"मॅडम, गुड न्यूज. आप छुट्टी पे गया नहीं, तो पाँच दिन वापस. इधर साइन, खलास."

कागदावर एकच ओळ होती. रजा घेतली नाही, सबब रद्द.

"मैं गयी थी, अम्मार."

"मशीन बोलता है, आप इधर था." त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. रोज ७.२४. एका मिनिटाचा फरक नाही. मंगळवारी आत. बाहेर कोरं. "ये एक मिस्टेक है, मैं ठीक करेगा."

"ठीक मत करना."

अम्मारचं हसू जरा कमी झालं. "मॅडम, फायदा आपका है. कोई नहीं पूछेगा."

भावनाने पेन घेतलं. त्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: मी या पाच दिवसांत रजेवर होते. देशाबाहेर होते. सही केली. मग नोंदवही मागवून पाचही पानांवर तिरपं लिहिलं, या चाचण्या मी केलेल्या नाहीत.

प्रशांत मागे उभा राहून बघत होता. "मॅडम, कित्याक उकरून काढतास? आकडे बरोबर आसत. नोकरी जायत."

"बरोबर आहेत म्हणून माझे होत नाहीत."

तिने राखून ठेवलेला तो तिसरा क्यूब मशीनखाली ठेवला. सात दिवसांच्या आकड्यापेक्षा आता तो जास्त भरायला हवा होता. आणखी चार दिवसांनी काँक्रीट अजून घट्ट होतं, हे कुणीही सांगेल. काटा चढत गेला. तडा गेला तसा थांबला.

४३८.

प्रशांतने काटा पाहिला आणि तो बाहेर निघून गेला. भावनाने आकडा लिहिला. आज, माझ्या डोळ्यांसमोर, असं पुढे लिहिलं.

*

संध्याकाळी यशश्रीने डबी आणून दाखवली. "आई, दाढ बघ ना. तूच सांगितलं होतंस, आईकडे दे, फेकू नकोस."

भावनाला दाढेपेक्षा वाक्याचं आश्चर्य वाटलं. गेल्या आठवड्यापर्यंत ही मुलगी 'आई, मी जेवण केली' म्हणत होती आणि पुढचं सगळं इंग्रजीत.

"यशू, इकडे बस. शनिवारी मी इथे नव्हते. मी प्रवासाला गेले होते."

यशश्री घाबरली नाही. समजुतीने मान हलवली, मोठी माणसं लहानांपुढे हलवतात तशी.

"तू असं म्हणशील, ते तू मला सांगितलं होतंस."

"मी?"

"चिखलदऱ्याची गोष्ट सांगितलीस ना. तुला सहलीला पाठवलं नव्हतं. तू स्टँडवर उभी राहून दोन्ही गाड्या जाताना पाहिल्यास. आणि सुट्टीत मामाच्या गावी सगळ्यांना सांगितलंस की मी जाऊन आले. धुकं सांगितलंस, मध सांगितला. तू म्हणालीस, मी न जाता गेले म्हणते, मला तशी सवय आहे. मी जाऊन आले म्हटलं की ऐकून घे, आणि रागावू नकोस."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

ही गोष्ट भावनाने तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. आईला नाही, धम्मदीपला नाही. ती फक्त तिच्यापाशी होती.

"छान होतीस तू," यशश्री हळूच म्हणाली. "रोज माझ्याशी बोलायचीस. आता परत फोनवर आहेस."

इथे भावनाला गप्प बसता आलं असतं. हो बाळा, गंमत केली, म्हणता आलं असतं. पाच दिवस, रोजच्या गप्पा, एक दाढ, सगळं तिला फुकट मिळालं असतं. घरात शांतता झाली असती. फक्त ती बोट गेली असती, ते पाणी गेलं असतं, तोंड उघडून हसणारी ती बाई गेली असती.

"तेव्हा गेले नव्हते," भावना म्हणाली. "तेव्हा खोटं बोलले. या वेळी गेले होते."

"मग इथे कोण होतं?"

"मला माहीत नाही. पण मी नव्हते. रोज बोलायचं राहिलं ही माझी चूक. ती मी भरून काढीन, मीच. दुसरं कुणी नाही."

पर्समधून तिने बोटीचं तिकीट काढलं. पातळ कागद, पाण्याने भिजून, मग सुकून आकसलेला. यशश्रीने तो नाकाला लावला.

"डिझेल," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने डबी उघडून दाढेशेजारी ठेवला.

*

शुक्रवारी भावना पडद्याचा हुक बसवायला स्टुलावर चढली. धम्मदीप सोफ्यावर होता. दोन दिवस तो तिच्याकडे बघायचा तेव्हा आधी तिच्या कुर्त्याचा रंग बघायचा.

"थांब, मी धरते," यशश्री म्हणाली आणि तिने जाड पडदा बाजूला ओढून धरला. "लवकर कर, आई. जड आहे. दोन्ही हात लागतात."

भावनाचा हात हुकावर तसाच राहिला.

"काय झालं?" धम्मदीपने विचारलं.

"काही नाही. बसवते."

तिने हुक बसवला. पुन्हा ओढून पाहिला. पक्का बसला होता.

*

भावना बँकॉकला निघाली त्या गुरुवारी सकाळी टॅक्सी हलली, तेव्हा धम्मदीप खाली फुटपाथवर उभा होता. वर खिडकीत यशश्री दोन्ही हात हलवत होती. हुक तेव्हा तुटलेलाच होता, तरी पडदा बाजूला होता.