समेटाची तिसरी तारीख

केरकेन्ना बेटावरून स्फॅक्स शहराला निघालेल्या सकाळच्या बोटीत सिहेमनं खिडकीजवळची जागा धरली, वाऱ्यानं उडणारी ओढणी सावरली, वर पाहिलं... आणि समोर लासाद! तिचा नवरा. ज्यानं काडीमोड मागितला म्हणून ती कोर्टात निघाली होती, तोच हातात कॉफीचे दोन कप घेऊन उभा.

"काल एका होडीचं इंजिन दुरुस्त करायला आलो होतो," तो चाचरत म्हणाला. "तू भेटशील असं... वाटलं नव्हतं."

"मग कॉफी दोन का?"

"एक समुद्राला."

तिला हसू आलं, आणि आलं याचा रागही आला. दहा महिने ती माहेरी होती, चार वर्षांच्या इलेफला घेऊन. पदरी लेकरू असलं की कायदा घाई करू देत नाही. महिन्या महिन्याच्या अंतरानं तीन बैठका होतात, आणि प्रत्येक वेळी न्यायाधीशबाई दोघांना विचारतात, समेट हवा का? त्या दिवशी पहिली बैठक झाली. पुढची तारीख पडली.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा त्याच बोटीवर हजर.

"बेटावरची इंजिनं नेमकी तारखेच्या आदल्या दिवशीच कशी रे बिघडतात?"

"बेटावरच्या बायकांवर गेलीत... रुसतात."

एकाच बाकावर बसून दोघांनी तिच्या डब्यातली जवाची भाकरी अन् ऑलिव्ह खाल्ली. बोलता बोलता त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आणायचं तर नवऱ्यानं घरातला वडीलधारा पुढे घालायचा, ही तिथली रीत. स्वतःच्या तोंडानं 'चल' म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. लासादचे वडील कधीच गेले होते आणि मामानं या भानगडीतून अंग काढून घेतलं होतं. तेव्हा या शहाण्यानं घटस्फोटाचा अर्ज केला, न्यायाधीशबाई तरी वडीलधाऱ्यासारख्या मध्ये पडतील म्हणून!

"मला परत न्यायला घटस्फोटाचा अर्ज?" सिहेम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं, पाणी थांबेना. "अरे वेड्या... अकरा महिने मी दाराकडे कान लावून बसले होते. वडीलधाऱ्यासाठी नाही. तुझ्यासाठी."

त्या दिवशीच्या बैठकीत ती 'नको' म्हणू शकली नाही. 'हवा' म्हणायला जीभ वळेना. कारण ती घराबाहेर पडली होती ती एका गोष्टीपायी. दिराच्या लग्नात, भरल्या अंगणात, सासू म्हणाली होती, "ऑक्टोपस धरणाऱ्यांची, बेटावरची पोर ही. कितीही धुवा, हाताचा ऑक्टोपसचा वास जायचा नाही." सगळे हसले. लासाद ताटात पाहत राहिला. त्या एका गप्प बसण्यानं ती मेली होती.

तिसऱ्या खेपेला समुद्र खवळला होता. पाण्याचे तुषार आत येत होते. लासादनं आपलं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं आणि हात तिथंच राहू दिला. तिनंही तो झटकला नाही.

"आज तुझी आई आणि माझा भाऊ, दोघांनाही न्यायाधीशबाईंनी आत बोलावलंय," ती हळूच म्हणाली. "त्यांच्यासमोर म्हण. तुझ्या तोंडानं. 'घरी चल' एवढंच. मी येईन."

"म्हणेन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. खोटं बोलत नव्हता तो, बिचारा.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "आज शेवटची बैठक. बोला लासाद, समेट हवा?"

त्यानं तोंड उघडलं. आईकडे पाहिलं. ती माउली पाठ ताठ करून बसली होती. सिहेमचा जीव नुसता कानांत गोळा झाला होता.

"मॅडम... मी काय बोलणार," तो पुटपुटला. "तुम्हीच तिला समजावून सांगा."

सिहेमनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "मला समेट नको," ती म्हणाली. कारकुनानं लिहून घेतलं. तिनं सही केली.

ती कोर्टाच्या पायऱ्या उतरत असताना तो धावत आला. धापा टाकत, कुणी पाहत नाही असं बघून म्हणाला, "घरी चल, सिहेम. माझा जीव आहे तुझ्यावर... तुझ्याशिवाय घर खायला उठतं."

"माझाही आहे," ती म्हणाली. "आत का नाही म्हणालास?"

"आत... आई होती."

"म्हणूनच आत हवं होतं रे."

तिनं जाकीट काढून त्याच्या हातात दिलं, त्याची उलटी वळलेली कॉलर नीट केली आणि वळली. मागं पाहिलं असतं तर पाय परत फिरले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. परतीच्या बोटीत भावाला दूर बसायला सांगून ती पोटभर रडली.

घरी इलेफ दारातच उभी होती. "बाबा येणार?"

"येईल की. शुक्रवारी येईल," सिहेमनं तिला कडेवर घेतलं. "तुला भेटायला."