पावणेदोन तासांवरचा भाऊ

"मुलीचे मामा आले का?" गुरुजींनी पुन्हा विचारलं, आणि अक्षता वाटता वाटता भारतीची नजर पुन्हा दाराकडे गेली...!

बदलापूरच्या कात्रप भागातल्या त्या हॉलमध्ये नवरदेव विक्रांत पाटावर उभा होता आणि आत तिची लेक रुचिका हट्टाला पेटली होती. "मम्मी, जयदेवमामाच मला बोहल्यावर नेणार. दुसरं कुणी आलं तर मी उठणार नाय!" मामा यायचा होता बंगळूरहून. विमानाने अवघे पावणेदोन तास... पण आईच्या तेराव्यानंतर सहा वर्षांत त्याने बदलापुरात पाऊल ठेवलं नव्हतं!

काय कमी केलं होतं भारतीने त्याच्यासाठी? शाळा सोडून उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्सला बटणं लावली, तेव्हा कुठे तो इंजिनियर झाला. आणि त्याच जयदेवने तेराव्याला चारचौघांत तिला विचारलं होतं, "विमानाने पावणेदोन तास लागतात गं ताई! मला वेळेवर साधं कळवलंही नाहीस? स्वतःच अग्नी देऊन मोकळी झालीस?"

काय सांगणार होती भारती? आई गेली त्या दुपारी तिने जयदेवला लावलेला फोन भावजयीने, पायलने, हॉस्पिटलच्या खाटेवरून उचलला होता. सातवा महिना, रक्त थांबत नव्हतं, डॉक्टर बाळाची खात्री देत नव्हते; जयदेव औषधं आणायला खाली गेला होता. "ताई, आज ह्यांना नका ना सांगू... हे निघून गेले तर मी एकटी काय करू हो!" त्या आक्रोशापुढे भारती विरघळली. आईला तिनेच अग्नी दिला, बाळाचा धोका टळल्यावर जयदेवला कळवलं आणि सगळा दोष मुकाट्याने पदरात घेतला. पायलला पुढे खरं सांगायचा धीर झाला नाही, आणि दोघांच्या संसारात विष कालवणं भारतीच्या स्वभावातच नव्हतं.

"अगं, हिंदुरावांना उभं करू या," शेजारच्या विठाकाकू म्हणाल्या. "चुलत का होईना, मामाच लागतात ना?"

इतक्यात दारात गडबड उडाली. "काय ट्रॅफिक आहे यार! विमानापेक्षा टॅक्सीलाच जास्त वेळ लागला!" घामाघूम जयदेव आत शिरला आणि बहिणीसमोर थबकला. "रुचिकाने फोन करून रडवलं, म्हणून आलो. झालं गेलं सोड, ताई... मी तुला माफ केलं."

माफ केलं...! न केलेल्या अपराधाची ती क्षमा भारतीने ओंजळ पसरून घ्यावी तशी घेतली. "जा बाबा, तुझी भाची वाट बघतेय," एवढंच ती म्हणाली. तो डोळे पुसत आत धावला.

त्याच्यामागून आलेली पायल ढसाढसा रडू लागली. "ताई, आज मी त्यांना सगळं सांगणार!"

"अजिबात नाही! माझा भाऊ आलाय, मला अजून काय पाहिजे?"

पायलच्या पदराआडून एक चिमुरडी डोकावली. "तू कोण आहेस?"

चितेपाशी एकटी उभी असताना जिच्या जिवासाठी तिने देवाला हात जोडले होते, ती ही...! भारतीने तिला उचलून उराशी घट्ट धरलं. मंगलाष्टकं सुरू झाली, रुचिकाचा हात धरून मामा मांडवात आला, पण भारतीला काही धड दिसेचना.

"मी तुझी आत्या गं, बाय!"