चार नंबरचा बिल्ला

मला हे सांगायचं नव्हतं. जेवायची वेळ टळून गेली, गुडघे ठणकताहेत, आणि तुम्ही हॉस्टेलची पोरं येऊन डोक्यावर बसलात. पण आज दुपारी तुमच्यातल्या कुण्या शहाण्याने वर्कशॉपच्या स्विचबोर्डावरचा बिल्ला गंमत म्हणून खिशात घातला. म्हणून सांगतो. एकदाच. मध्ये तोंड घालायचं नाही.

मी शिकलेला नाही. सही येते, आकडे वाचता येतात. या विद्यापीठाच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मशीनं पुसली. तिथला एकच कायदा मला पाठ आहे. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि शेजारच्या खिळ्याला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. बिल्ला दिसतोय तोवर स्विचला कुणी शिवायचं नाही, खुद्द कुलगुरू आले तरी. आणि बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा.

चार नंबर म्हाताऱ्या फिटरचा. एका दुपारी तो पत्रा कापायच्या मशीनमध्ये हात घालून बसला होता. बाहेर तपासणीला पाहुणे आलेले. फोरमनला घाई. त्याने बिल्ला काढला आणि स्विच ओढला. पातं खाली आलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात मनगटापासून तुटून पलीकडे पडले. तो नुसता त्या हातांकडे बघत बसला. गाडी येईस्तोवर संपला.

फोरमन म्हणाला, "बिल्ला लावलाच नव्हता."

मी म्हणालो, "लावला होता. तुम्ही तो खिशात घालून मागच्या तळ्याकडे गेलात. मी पाहिलं."

सगळ्यांसमोर त्याने माझ्या कानाखाली वाजवली. "खोटारडा! दारू पिऊन कामावर येतो!"

मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण त्यानंतर महिनाभर बायको दारातच माझं तोंड हुंगायची.

म्हाताऱ्याच्या जागी माझा साडू लागला. नंबर नऊ. मीच चिकटवला त्याला, माझंच नशीब. पुढचं सगळं त्याने मला सांगितलं, आणि तो माणूस खोटं बोलायला फार आळशी.

मार्चमधला तिसरा शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. सकाळी तुमच्यासारख्यांची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि नेमकं तेच मशीन बिघडलेलं. पायडल खाली अडकलेलं. म्हणजे करंट आला की पातं आपोआप सुटणार. साडूने मेन बंद केला. नऊ नंबर अडकवला. दिव्यांची लाईन वेगळी, एक बल्ब चालू होता. तो मशीनच्या मागे आडवा झाला. बॅटरी दातांत धरलेली, दोन्ही हात पात्याखाली, कोपर मशीनच्या लोखंडी पट्टीत घट्ट बसलेलं. घरी त्याची पंधरा दिवसांची मुलगी. त्या हातांवरच घर चालायचं.

दार वाजलं. बुटांचा आवाज. फोरमन.

"अजून बंदच? हे लोक बिल्ले विसरतात आणि खुशाल घरी जाऊन झोपतात!"

खिळ्यावरून बिल्ला निघाल्याचा आवाज साडूने ऐकला. टिंग.

त्याने बॅटरी थुंकली. "साहेब! हात आत आहेत!"

कोपर सुटेना. स्विचचा खटका अर्धा वाजला...

आणि थांबला.

"सोड," फोरमन म्हणाला. हळू. मग जोरात. "सोड रे! कोण आहे?"

साडूने मान वळवली. फोरमन एकटाच होता. पण त्याच्या मनगटाचं मांस दबत होतं. पाच खड्डे. बोटांचे. आणखी खोल... हाड मोडलं. कड्. मग दुसऱ्या हाताचं.

तो पडला. पडल्यावर थांबला नाही. सरकत आला. पाय झाडत होता, टाचांनी फरशी धरत होता. तरी सरकत आला. ओढल्यासारखा. हात पुढे ताणलेले.

साडूने जीव खाऊन कोपर उपटलं. कातडी तिथेच राहिली. हात बाहेर आले.

फोरमनचे आत गेले.

मेन बंद होता, पोरांनो.

पातं आलं.

एकदा... पुन्हा वर गेलं... पुन्हा आलं.

...

काय विचारतोस? तो जगला का? जगला. साडूने पट्ट्याने दंड आवळले, उचलून दवाखान्यात नेला. साडू असलाच वेडा.

पहाटे मी आणि साडूने ते मशीन धुतलं. फोरमनच्या तुटलेल्या उजव्या हाताच्या मुठीत काहीतरी होतं. मी बोटं उकलली. नऊ नंबर. तो साडूला दिला.

मग बोर्डाकडे पाहिलं. खिळा रिकामा हवा होता. त्यावर एक बिल्ला लटकत होता. आकडा मला वाचता येतो, सांगितलं ना. चार. ओला होता. दोऱ्याला तळ्यातलं शेवाळ. खाली फरशीवर पाणी टपकत होतं.

तो आजही तिथेच आहे. आज तुमच्यातल्या कुणीतरी काढला तो तोच. मी घेऊन परत लावला. हे बघा माझे हात. अजून ओले आहेत.

जा आता, झोपा. आणि पेन्शनच्या रांगेत तुम्हाला कधी तो बिनहाताचा साहेब भेटला, तर त्याला माझा निरोप द्या. हात जोडता येत नाहीत, ठाऊक आहे मला. तोंड शाबूत आहे ना? त्या कानाखालीबद्दल तुम्ही माझी माफी मागायची राहिलीय म्हणावं, फोरमन.