हारुनमामूची पालथी थाळी

यल्ला, मोबाइल खाली ठेवा. पावसाच्या पाण्याने दुबईत आपल्या करामाची लाइट घालवलीय, ती येईपर्यंत एक खरी गोष्ट सांगतो. जमाल, हसू नकोस. खोटं बोलायला मी काय फ्लॅटचा एजंट आहे? आमच्या हारुनमामूची गोष्ट. तोच, ज्याने पुढे मरेपर्यंत टोमॅटोला हात लावला नाही.

तारीख १४ नोव्हेंबर १९६७, मंगळवार. मामू बोटीवर खलाशी. बोट बार्सिलोनाला लागलेली, आणि घरी, इथे दुबईच्या देऱ्यात, शहनाझमामी एकटी. आमच्या आजीची एक रीत होती. माणूस दर्यावर गेला की त्याची थाळी फळीवर पालथी घालायची. तो परत आला की त्यानेच ती सुलटी करायची. आपोआप सुलटी झाली, तर... तो माणूस यायचा नाही.

त्या दिवशी तिकडे धो धो पाऊस. बोट रात्री आठला सुटणार, म्हणून मामू सकाळीच शहर बघायला उतरला. मोठं चर्च बघितलं. त्याच्या अंगणात पांढरी बदकं, मामू म्हणायचा, "आपल्या रत्नागिरीच्या बदकांसारखीच भांडखोर!" बोळ इतके अरुंद, की छत्री मिटूनच पुढे सरकायचं. भिजून, भुकेने कळवळून, संध्याकाळी सहाला तो एका लहानशा खाणावळीत शिरला.

आत फक्त एक म्हातारी. एकाच टेबलावर पान मांडलेलं. थाळी पालथी.

मामूला घर आठवलं. हात सवयीने पुढे गेला. थाळी सुलटी करून तो बसला.

म्हातारीच्या हातातला डाव पडला. मग ती हसली. भाजलेला पाव आणला, त्यावर टोमॅटो चोळलेला, वर ऑलिव्हचं तेल. सोबत तळलेल्या तारल्या. मामूने ताव मारला. म्हातारीने त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"ज्वान," ती म्हणाली.

"नाय गे आजी, हारुन!"

"ज्वान."

आणि तिने जाऊन दाराला कडी घातली.

सात वाजले. मामू हातवारे करतोय, बोट, बोट! ती आणखी पाव वाढतेय. भिंतीवर एका तरुण खलाशाचा फोटो, तिचा ज्वान. खाली मेणबत्ती. म्हातारीने ती फुंकून विझवली. आता तिची गरज नव्हती.

"चाचा, ही शुड जस्ट लीव्ह!"

जाऊ दिलं तर ना, कुबरा.

मामूच्या मागे पाणी ठिबकलं. छत कोरडं होतं. पुन्हा ठिबकलं. जवळ. कुणीतरी... त्याची खुर्ची मागे ओढली. हळूच. आपल्या जागेवरून उठवतात ना... तशी.

मामूला कळलं, ही थाळी ज्वानची. त्याने थाळी पालथी घातली.

म्हातारीने मेणबत्ती पुन्हा पेटवली. कडी काढली. मामू जो पळाला, तो बोटीची शिडी वर घेतानाच पोचला. जेमतेम.

चाळीस दिवसांनी तो देऱ्याला आला. दार बोटभरच उघडलं.

"आधी तुमच्या अम्माचं नाव सांगा."

"हव्वाबी! शहनाझ, झालं तरी काय?"

मामी दाराला धरून रडायलाच लागली. "त्या मंगळवारी... रात्री नऊला. दार आतून बंद होतं. आत थाळी वाजली. जाऊन बघते तर सुलटी. मला वाटलं, तुम्ही गेलात..."

तिथले सहा म्हणजे इथले नऊ, पोरांनो.

"आणि थाळीत काहीतरी होतं. मी हात लावला नाही. वर टोपली घातली. रोज उचलून बघते फक्त."

मामूने टोपली उचलली.

भाजलेला पाव. त्यावर टोमॅटो चोळलेला. चाळीस दिवस झालेले... आणि रस अजून ओला.

"एक घास कुणी खाल्लाय," मामू म्हणाला.

मामी वाकली. बघत राहिली.

"सकाळी..."

"काय सकाळी?"

"सकाळी अख्खा होता."