पाणी मागणारी खोली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. ऐली.

फिनलंडच्या पार उत्तरेला आमचं गाव. डिसेंबरातला शनिवार होता. वेळ दुपारचीच, पण आमच्याकडे तेव्हा भरदुपारी काळोख होतो.

ऐली इथल्या सरकारी रुग्णालयात मुख्य नर्स आहे. म्हाताऱ्या रुग्णांचा वॉर्ड तिच्याकडे. तो वॉर्ड त्या आठवड्यात रिकामा केला होता. नर्सला बोलवायच्या जुन्या बेल काढून नवीन बसवायच्या होत्या.

काम आधीच ठरलेलं होतं, पण ते तातडीने हाती घ्यायला कारण झाली सायमा.

वॉर्डातली ही म्हातारी पाण्यासाठी स्वतःच उठली, पडली आणि गेली. तिच्या मुलीला, मिर्याला, ऐलीने सांगितलं होतं, "तुझ्या आईने बेल वाजवलीच नाही गं."

त्या शनिवारी ऐली आणि वायरमन रेइयो अशी दोघंच वॉर्डात होती.

"सुट्टीच्या दिवशी राबवतेस, निदान कॉफी तरी पाज!" रेइयो म्हणाला.

"आधी वायरी काप, मग कॉफी."

त्याने वायरी कापल्या आणि सामान आणायला तो खाली गाडीकडे गेला.

वॉर्ड एकदम शांत झाला.

आणि मग...

ट्रिंग.

कोपऱ्यातल्या, सायमाच्या खोलीतून.

ऐली दारापर्यंत गेली. आत नुसता पलंग. गादीसुद्धा नव्हती. बेलचं बटण जमिनीवर पडलेलं... आणि त्याचा दिवा लागलेला.

"सिस्टर..." आवाज अगदी जवळून आला. "पाणी मिळेल का? घाई नाही हं. तुमचं आटपलं की द्या..."

ऐली जी पळत सुटली ती थेट गाडीपाशी.

"काय गं, भूत पाहिलंस का?" रेइयो हसला.

"वायरी... सगळ्या कापल्यास ना?"

"सगळ्या. त्या कोपऱ्यातल्या खोलीतली तर आधीच तुटलेली होती."

ती तडक माझ्या घरी आली. कोटही काढला नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सायमाची बेल बंद आहे हे वॉर्डातल्या नर्स मुलींनी मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, नवीन येणारच आहेत, तोवर चालवून घ्या. आणि वर मिर्याला सांगितलं, आईने वाजवलीच नाही..."

तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मलाही तिच्याकडे.

तिने माझ्यासमोरच मिर्याला स्पीकरवर फोन लावला. सगळं सांगितलं. तुटलेली वायर, स्वतःचं खोटं, तो आवाजही.

मला वाटलं, आता मिर्या शिव्या घालणार.

"घाई नाही, म्हणाली?" तिने हळूच विचारलं. "आईच ती..."

आणि मग तिने आणखी एकच विचारलं.

"ऐली... पाणी दिलंस का तिला?"

ऐलीने फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि मीच सांगितलं... नाही. ती पळून आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्या खोलीत गेलो. मिर्याने पाण्याचा ग्लास भरला आणि तो हातात धरून ती बसली. ऐली दाराशी उभी होती, मान खाली घालून.

आम्ही खूप वेळ वाट पाहिली.

बेल वाजली नाही.

ऐलीने पुढे वरिष्ठांसमोर सगळं कबूल केलं. वॉर्ड पुन्हा सुरू झाला. नवीन बेल चांगल्या चालतात.

पण आम्ही पाणी घेऊन बसलो होतो त्या दिवशी ती जुनी बेल का वाजली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

वाजली असती तर फार बरं झालं असतं...