जाळीचं दुसरं टोक

मुकुंद रेडीच्या धक्क्यावर पोचला आणि काट्याच्या खोलीची खिडकी धाडकन उघडून कुणीतरी थेट त्याच्या कानात ओरडलं, "बस्स! थांबवा!"

तो दचकून मागे सरला. खिडकीत सुगंधा होती. विजेच्या नव्या वजनकाट्याची सुई बघायची आणि खनिज वाहून नेणारी बार्ज पुरेशी भरली की ओरडून सरकत्या पट्ट्यावरून पडणारं खनिज थांबवायचं, हे तिचं काम. केसांवर लाल धूळ, ओठांवर दाबलेलं हसू.

"सुई थरथरते म्हणून मुंबईहून येणार होते, ते... तुम्हीच?"

"होय. तुम्ही कानाचा पडदा शिल्लक ठेवलात, तर दुरुस्त करतो."

ती खळखळून हसली आणि मुकुंदचं पहिल्या दिवशीचं काम तिथंच बिघडलं!

त्यानं अर्थिंगचा खड्डा उकरला, नवं मीठ-कोळसा भरला, वर पाणी सोडलं. तरी पट्ट्याची मोटर सुरू झाली की सुई थरथरायचीच. दुपारी सुगंधा त्याला सोलकढी द्यायची, तो तिला वीज समजावायचा. सुई बरी झाली की तो परत जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"मोटरच्या विजेचा गोंगाट काट्यापर्यंत येऊ नये म्हणून काट्याच्या वायरीवर तांब्याची जाळी असते," एके दिवशी तो म्हणाला. "तिचं एकच टोक जमिनीला जोडायचं. दोन्ही जोडली, तर जाळीतच वीज फिरत राहते आणि सुईला चैन पडत नाही."

सुगंधाच्या हातातला पेला तसाच राहिला. वायर टाकताना तिचे वडील हरिश्चंद्र मदतीला होते. आयुष्य होड्यांवर गेलेला माणूस. त्या रात्री जेवताना ते मोठ्या अभिमानानं म्हणाले होते, "जाळयेचा एक टोक मोकळाच सोडल्यानी होता. मिया बांदून वर डांबर फासलंय. एका दोरयेर होडी ऱ्हवता काय?"

सांगावं... तर हा उद्याच निघून जाईल. ती गप्प राहिली. रात्रभर तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सुई एकाएकी मागे झुकली, बार्ज अजून रिकामीच वाटली, खनिज पडतच राहिलं आणि बार्ज काठापर्यंत बुडाली. तिच्यावर सुगंधाचा भाऊ बाबली होता. खलाशांनी आरडाओरडा करत फावड्यांनी खनिज समुद्रात लोटलं, तेव्हा कुठे बार्ज सावरली.

सुगंधा धावत मुकुंदकडे आली. "मोटरीकडचं टोक बघा. डांबराखाली बांधलेलं आहे. माझ्या बाबांनी बांधलंय."

त्यानं डांबर खरवडलं, टोक सोडवलं. मोटर धडधडत राहिली आणि सुई मात्र आकड्यावर शांत उभी राहिली. सुगंधाला आनंद झाला आणि रडूही आलं.

"तुला कालच कळलं होतं," मुकुंद हळूच म्हणाला. "मग काल का नाही सांगितलंस?"

इतके दिवस त्याच्याशी जपून पुस्तकी बोलणारी ती आज घरच्या बोलीवर आली.

"तुमी जातलास म्हणान." तिचे डोळे भरून आले. "माजो भाव बुडलो असतो... तरी माका तुमीच होये होतास. आता जावा. माका तोंड दाखवूची लाज वाटता."

मुकुंद हातावरचं डांबर पुसत म्हणाला, "मलाही चार दिवसांपूर्वीच ते डांबर खरवडायचं सुचलं होतं, सुगंधा. मीही उद्यावर ढकललं... संध्याकाळी तुझ्या बाबांकडे येतो. आधी बाबलीची माफी मागू, दोघंही. मग तुला मागणी घालतो."