अभिमनच्या लॅपटॉपचा पासवर्ड

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

म्हणूनच मला ती अजून पचत नाही.

यातली माणसं हयात आहेत, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आहे, एवढंच. तारीख मात्र पक्की आठवते... १९ मे १९९८, मंगळवार.

मी रतिलाल. तेव्हा जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आदल्या दिवशी धनसिंग नावाचे एक शेतकरी दुकानात आले. त्यांचा धाकटा भाऊ अभिमन पुण्याला नोकरीला होता. सुटीत घरी आला आणि शेतातल्या विहिरीत पाय घसरून गेला. महिना झाला होता.

"त्याचा लॅपटॉप शे घरी," ते म्हणाले. "पासवर्ड चालत नाही. उघडून द्या."

"इकडेच घेऊन या ना."

"त्याची बायको घराबाहेर नेऊ देत नाही."

मी सकाळच्या एस्टीने गेलो.

घरात तिघंच. धनसिंग, अभिमनची बायको कलाबाई आणि तिची पाच वर्षांची मुलगी. कलाबाई दाराआड उभी राहूनच बोलली.

"पासवर्ड पोरीचं नाव होतं, भाऊ. तेराव्यापर्यंत चालला. मग एक दिवस बंद पडला."

"तिनेच बदलला," धनसिंग हळूच माझ्या कानाशी म्हणाले.

ते बाहेर गेले, तशी ती म्हणाली, "त्यांनीच बदलला असेल."

मला वाटलं, घरातलं भांडण आहे. आपण आपलं काम करावं आणि निघावं.

चालू करताच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत होता. त्याचा उपाय सोपा असतो. मशीन खोलायचं, आतली छोटी गोल बॅटरी काढायची, थोडा वेळ थांबायचं. मशीन पासवर्ड विसरतं. घड्याळही विसरतं. तारीख थेट १ जानेवारी १९८० होते.

तसंच झालं. मशीन उघडलं.

"आधी मी पाहीन," धनसिंग म्हणाले.

"नाही. आधी मी." कलाबाई पहिल्यांदाच दाराआडून पुढे आली.

दोघंही हटेनात. मी वैतागून मशीन बंद केलं आणि मागच्या नळावर हात धुवायला गेलो. दोन मिनिटं लागली असतील.

परत येऊन चालू केलं...

पासवर्ड.

"कोणी हात लावला?"

दोघांनीही नकारार्थी मान हलवली. मी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं. एक जण खोटं बोलतोय, याची मला खात्री होती.

पुन्हा खोललं. पुन्हा बॅटरी काढली, बसवली. पुन्हा उघडलं. मग मी मशीन बंद केलं, खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. खोलीला एकच खिडकी होती, तिला गज होते.

"चला ओट्यावर. आधी कोण पाहणार ते ठरवा. मगच कुलूप काढतो."

ओट्यावर बसलो. ऊन असं की समोरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. धनसिंग माझ्या डावीकडे. कलाबाई उंबऱ्यावर. मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली.



आणि मग...

टक.

टक, टक... टक.

मला तो आवाज झोपेतही कळतो. कीबोर्ड.

बंद खोलीतून येत होता. सावकाश... एकेक अक्षर शोधून दाबावं तसा.

मी तिघांकडे पाहिलं. तिघंही माझ्या समोर होते. कलाबाईचे डोळे मिटलेले. धनसिंगचे दोन्ही हात गुडघ्यावर.

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

आवाज थांबला.

कुलूप काढलं. आत कोणी नाही. खिडकीचे गज जागेवर. पण मी बंद केलेला लॅपटॉप चालू होता... आणि पासवर्ड मागत होता.

"फोडा ते!" धनसिंग एकदम ओरडले. "आत्ताच्या आत्ता फोडा!"

मी चमकलो. उघडून द्या म्हणून हाच माणूस काल जळगावला आला होता ना?

कलाबाईने झोपलेल्या मुलीला माझ्याकडे दिलं. आत गेली आणि कडी लावली. दाराला कान न लावताही तिचं बोलणं ऐकू आलं. शांतपणे, घरच्या माणसाशी बोलावं तसं.

"आते बठ्ठा बाहेर शेतस. मी एकलीच शे." आता सगळे बाहेर आहेत, मी एकटीच आहे, असं ती कोणाला तरी सांगत होती.

टक... एकच कळ.

मग काहीच नाही. रडणं नाही, हुंदका नाही. दहा मिनिटं गेली असतील. धनसिंग दाराकडे पाहत होते. दोनदा उठले, दोनदा बसले.

कडी निघाली. कलाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. धनसिंगकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, तुमची एस्टी किती वाजता? आम्हीपण येतो."

धनसिंगने तिला अडवलं नाही. का जाते, असंही विचारलं नाही.

एस्टीत मी धीर करून विचारलं, "काय होतं त्यात?"

"एक चिठ्ठी होती. काय लिहिलं, ते नका विचारू."

अडावद गाव मागे पडल्यावर तीच म्हणाली, "चिठ्ठी कधी लिहिली, ते मशीनला कसं कळतं?"

मी सांगितलं. आतल्या घड्याळावरून. पण आज बॅटरी काढली, तारीख मी टाकलीच नाही. म्हणजे त्यात १९८० दिसणार.

"नाही," ती म्हणाली. "आजची तारीख होती. तीन वाजून दहा मिनिटं."

तीन दहाला तर आम्ही सगळे ओट्यावर होतो.

जळगावला उतरून ती माहेरी, असोद्याला गेली. लॅपटॉप तिने माझ्याकडेच सोडला. दुसऱ्या दिवशी मी तो भीतभीत चालू केला. पासवर्ड मागितलाच नाही. सगळं तपासलं. चिठ्ठी कुठेच नव्हती.

आठ दिवसांनी धनसिंग दुकानात आले. दाढी वाढलेली. स्टुलावर बसले. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

मग अगदी हळू आवाजात एवढंच विचारलं...

"त्यात माझं नाव होतं का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलतोय.